शब्दविचार : वेचणें

पीक कापून नेल्यावर शेतांत जीं कणसें मागें राहतात, त्यांस सरवा म्हणतात. तीं एकेक करून उचलणें म्हणजे वेचणें. संस्कृतांत दाणे टिपण्यास उञ्छ व कणसें वेचण्यास शिल म्हणतात; मनुस्मृतींत या उपजीविकेस ‘ऋत’ असें नांव दिलें आहे.

हेंच क्रियापद माहितीसही शोभतें. “आजीच्या बोलण्यांतून तिनें घराण्याचा इतिहास वेचला”, “जुन्या पत्रांतून त्यानें दुष्काळांतले धान्याचे भाव वेचले”, अशीं वाक्यें मुलांकडून करवून घ्यावींत. मात्र “कोश उघडून अर्थ वेचला” हें वाक्य आम्ही बरोबर मानणार नाहीं. एके ठिकाणीं आयतें असतें तें घेतात. विखुरलेलें असतें तेंच वेचतात.

दुसरें एक ‘वेचणें’ व्यय शब्दापासून आलें. त्याचा अर्थ खर्चणें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळून कागद वेचले आणि त्याच कामीं आयुष्य वेचलें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुढें असे २२ खंड झाले. दोन्हीं क्रियापदें त्यांच्या ठायीं एक झालीं, असें आम्हांस वाटतें.

आज यंत्रावर बोट ठेवितांच माहितीची रास पुढें पडते. मग वेचावें कशास, असें मुलें विचारतील. त्यांस सांगावें कीं, आजीच्या आठवणी त्या राशींत नाहींत; आणि शेत नांगरल्यावर सरवा मिळत नसतो.