गेमिंग पीसी घ्यायला अब्बांना सोबत न्या

बारावीचा निकाल लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर याद्या यायला लागतात. पाठवणारे माजी विद्यार्थी. कुणी मुकुंदनगरचा, कुणी झेंडीगेटचा, कुणी श्रीरामपूर, राहुरी, शेवगावकडचा. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, पण आमच्याकडे संगणक कक्षाची किल्ली ज्याच्या खिशात तोच संगणकतज्ज्ञ ठरतो, त्यामुळे ही जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. यादीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, कॅबिनेटला किती रंगीत पंखे, सगळं मॉडेल नंबरासकट लिहिलेलं असतं. शेवटची ओळ बहुतेक वेळा ठरलेली: ‘एसएमपीएस – लोकल चालेल.’

माझं म्हणणं एवढंच आहे की ही ओळ यादीत सगळ्यात वर हवी आणि तिच्यात ‘चालेल’ हा शब्द नको. निदान आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तरी नको.

मुलं असं का करतात, हे मला कळतं. गेमिंग पीसीचे पैसे घरातून सहज निघत नाहीत. अब्बांशी वाद होतो, अम्मी मध्ये पडते, कुठे भिशी लागते, कुठे दोन-तीन वर्षांची ईदी बाहेर येते. इतक्या भांडणानंतर मिळालेल्या पैशातून मुलगा दिसणारी वस्तू घेतो. ग्राफिक्स कार्ड मित्रांना दाखवता येतं. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी झाकलेला एक डबा. त्याचे चार हजार घरी मागायचे कसे? मग तो आठशेचा येतो.

गंमत अशी, की ज्या अब्बांपासून हा खर्च लपवला जातो, त्यांना हा विषय मुलापेक्षा जास्त कळतो. आपल्या जिल्ह्यात विहिरीवर किंवा बोअरवर मोटर असलेल्या माणसाला व्होल्टेज म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. डीपीवर लोड वाढला, व्होल्टेज पडलं, तरी मोटर तेवढंच पाणी ओढायला बघते, जास्त करंट घेते, तापते आणि जळते. रिवाइंडिंगचा खर्च ज्याने दोनदा भरला आहे तो माणूस तिसऱ्यांदा स्वस्तातला स्टार्टर घेत नाही. एसएमपीएसचंही तसंच आहे. आत कॉम्प्युटरला जेवढे वॅट लागतात तेवढे त्याला द्यावेच लागतात, म्हणून भिंतीतलं व्होल्टेज खाली आलं की तो जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. हे वाक्य मुलाला समजवायला मला फळ्यावर चित्र काढावं लागतं. त्याच्या वडिलांना एका वाक्यात कळतं.

डब्याचं काम तसं सोपं आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वीज घ्यायची आणि आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सरळ वीज द्यायची. आजच्या गेमिंग मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खवय्ये १२ व्होल्टवरच जगतात. म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा बाजूला ठेवा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या स्वस्त डब्यावर तिथे १६ अँपिअर लिहिलेले असू शकतात. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे कामाचे वॅट १९२. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर हाच आकडा ४५ च्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॅट. हा पाढ्यांचा हिशेब आहे, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. तरीही दुकानात उभं राहून लेबल वाचणारा मुलगा मी क्वचित पाहिला आहे.

उलटी चूकही होते. यूट्यूब पाहून आलेला मुलगा ८५० किंवा १००० वॅटचा हट्ट धरतो. मध्यम मशीनचा हिशेब करू. रायझन ५ ५६०० प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असतात, आरटीएक्स ३०६० कार्डवर १७०. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून गेम चालू असताना आकडा ३०० च्या पुढे फारसा जात नाही. कार्ड क्षणभरासाठी त्याच्या लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, म्हणून वर मोकळी जागा ठेवायची. खुद्द एनव्हिडिया त्या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते. तेवढा खरा ५५० पुरतो. उरलेले पैसे यूपीएसला लावा.

आता त्या रंगीत पदकांविषयी. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम ही ‘एटी प्लस’ची पदकं २००८ पासून टप्प्याटप्प्याने आली; मूळ ‘एटी प्लस’ प्रमाणपत्र २००४ चं. त्यांचा अर्थ एकच: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के आत पोहोचते. गोल्डसाठी ११५ व्होल्टवर २० टक्के लोडला ८७, निम्म्या लोडला ९० आणि पूर्ण लोडला पुन्हा ८७ टक्के लागतात. दुकानदार सांगतो, गोल्ड घ्या, बिल वाचेल. मी गणित करून पाहिलं. ३०० वॅटचं काम असेल तर ८० टक्क्यांचा सप्लाय भिंतीतून ३७५ वॅट घेतो, ९० टक्क्यांचा ३३३. फरक ४२ वॅट. रोज तीन तास खेळ धरला तर महिन्याला पावणेचार युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी अडतीस रुपये, दोन चहांचे. बिलासाठी म्हणून गोल्ड घेऊ नका.

पदक म्हणजे सुरक्षितताही नव्हे. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या ७५० आणि ८५० वॅटच्या दोन सप्लायची जगभर चर्चा झाली, कारण तपासणीत ते मोठा आवाज करून मरत होते. दोन्ही गोल्ड होते. ऑगस्टमध्ये कंपनीने काही सीरियल नंबरांसाठी बदलून देण्याची सोय जाहीर केली. कंपनी मोठी, पदक सोन्याचं, आणि तरी हा प्रकार. म्हणून नावापेक्षा मॉडेल पाहावं. नावाजलेल्या कितीतरी कंपन्या सप्लाय स्वतः बनवत नाहीत, सीडब्ल्यूटी किंवा सीसॉनिकसारख्या कारखान्यांकडून बनवून घेतात. त्यामुळे एकाच नावाखाली एक मॉडेल उत्तम आणि दुसरं सुमार असू शकतं. त्या मॉडेलची आत उघडून केलेली चाचणी शोधावी, वॉरंटी पाच वर्षांची आहे का पाहावं, जास्त व्होल्टेज, जास्त करंट, शॉर्ट सर्किट आणि उष्णता या चार गोष्टींपासून संरक्षण लिहिलंय का पाहावं. आणि पक्कं बिल घ्यावं. ‘बिल नको, जीएसटीचे १८ टक्के वाचतील’ असं म्हणणारा दुकानदार तुमची वॉरंटी स्वतःच्या खिशात घालतो आहे.

राहुरीकडच्या एका वस्तीवर घडलेलं सांगतो. मुलगा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा, सीझनला घरात बऱ्यापैकी पैसे यायचे. घरात सगळे त्या मशीनला ‘गेमचा डबा’ म्हणायचे, पण किराणा त्याच्यावर येत होता. पावसाळ्याच्या तोंडावर वाऱ्याने लाइनची न्यूट्रल तुटली. न्यूट्रल गेली की सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने जाऊ शकतं. टीव्ही, बल्ब, चार्जर एका दमात जातात. असं व्होल्टेज टिकून राहिलं तर चांगला एसएमपीएसही मरतो, पण तो बहुधा एकटा मरतो. आत फ्यूज असतो, झटका गिळणारे भाग असतात, आणि मरताना तो पुढचा रस्ता बंद करून जातो. या मुलाचा लोकल होता. बोर्ड गेला, कार्ड गेलं, आणि ज्या डिस्कवर दोन लग्नांचं शूटिंग होतं तीही गेली. मशीनचे पैसे भिशीतून पुन्हा उभे राहिले. ज्यांचा निकाह परत शूट करता येत नाही त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न त्या घरात बरेच दिवस होता.

जुन्या घाटाच्या स्वस्त डब्यांना मागे एक लाल सरकता खटका असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. धाकट्या भावंडांना तो फार आवडतो. आपल्या विजेवर तो ११५ कडे सरकवून बटण दाबलं की फटाका वाजतो. आजच्या चांगल्या सप्लायला तो खटका नसतो. १०० ते २४० व्होल्टमध्ये तो स्वतःच जुळवून घेतो. शेतीच्या लाइनवर असलेल्या वस्त्यांसाठी एवढं एक कारणही पुरेसं आहे.

यूपीएसची मात्र एक अडचण आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे चालू गेमला जेमतेम. शिवाय बॅटरीवर गेल्यावर तो वीज गुळगुळीत लाटेत देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी देतो. काही चांगल्या सप्लायना ही वीज रुचत नाही आणि लाइट जाताच मशीन बंद पडतं. मुलाला वाटतं एसएमपीएस खराब. घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही हेच होतं. साइन वेव्हचा यूपीएस महाग आहे, पण काम करणाऱ्या मशीनला तोच हवा.

उन्हाळा वेगळाच. एटी प्लसची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारी काय असतं ते मी लिहायला नको. काही सप्लाय पूर्ण वॅट ४० अंशांपर्यंतच देऊ शकतात, काही ५० पर्यंत; हे कागदावर लिहिलेलं असतं. पत्र्याच्या घरासाठी दुसरा घ्या, आणि मशीन भिंतीला चिकटवू नका.

सेकंडहँड कार्ड घ्यायला माझी हरकत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हापासून वापरलेली कार्डं बाजारात भरपूर आली आणि त्यातली बरीच नीट चालली. सेकंडहँड एसएमपीएस मात्र नको. आतले कपॅसिटर वयाने आणि उष्णतेने आटत जातात, आणि बाहेरून काही दिसत नाही. तसंच एका कंपनीच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावू नका. कनेक्टर बसतो, पण डब्याकडच्या पिनांची मांडणी सगळ्यांची सारखी नसते. १२ व्होल्ट चुकीच्या जागी गेले की डिस्क तिथल्या तिथे जळते.

राहिलं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार माझ्याकडे दर वर्षी येते, आणि मुलगा लगेच नवा एसएमपीएस शोधायला लागतो. सप्लायमधले फिल्टर थोडी वीज पत्र्यावर सोडतात, ती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायची असते. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, किंवा पिन कापून दोन पिनांचा प्लग केलेला असतो. मग ती वीज तुमच्या बोटातून जाते. नव्या डब्यातूनही येईल. इथे अब्बाच कामाचे, कारण बोअरच्या स्टार्टरसाठी मीठ-कोळशाचा खड्डा त्यांनी एकदा घेतलेला असतो. खड्डा कुठे आहे, त्याची वायर त्या खोलीपर्यंत येते का, उन्हाळ्यात त्यात पाणी कोण घालतं, हे त्यांना विचारा. वायरमनला बोलवा, पॉइंट तपासून घ्या, आणि मग दुकानाची वाट धरा.