ठेंगा!

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात मी मेडिक्लेमचा फॉर्म भरायला बसले होते. (फ्रीलान्सर माणसाला कंपनीची पॉलिसी नसते, बॉस. आपलं आपणच बघायचं!) नाव, पत्ता, उंची... वजन लिहिताना पेन जरा अडखळलं, पण लिहिलं खरं तेच. मग आला तो रकाना. कुटुंबात कोणाला खालीलपैकी कोणता आजार होता का?

एजंट काका चहाचा घोट घेत म्हणाले, "मॅडम, सगळीकडे 'नाही' टाका. सगळे तेच टाकतात."

मीही टाकणारच होते. पण त्या यादीत 'कॅन्सर' हा शब्द होता आणि मला एकदम तो आठवला. हॉस्पिटलच्या पलंगावरून अंगठा वर करून हसणारा, टीनएजर स्टीफन.

आपल्याकडे कुणाला अंगठा दाखवला तर त्याचा अर्थ काही फार बरा होत नाही. उधारी मागायला आलेल्या मित्राला दाखवतो तो ठेंगा! पण त्याच एका अंगठ्यावर या पोराने कोट्यवधी रुपये जमवले. कसे? सांगते.

स्टीफन सटन. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा, बर्नटवूड नावाच्या छोट्या गावातला. जन्म डिसेंबर १९९४चा, म्हणजे तुमच्या-माझ्या बॅचच्या आसपासचाच. अभ्यासात हुशार, मैदानावर चपळ, डॉक्टर व्हायचं ठरवलेलं. २०१० मध्ये त्याचं पोट दुखायला लागलं. काय असणार? बद्धकोष्ठ! पंधरा वर्षांच्या पळत्या-खेळत्या मुलाला दुसरं काय होणार? काही महिने तोच इलाज चालला. शेवटी निदान झालं तेव्हा कळलं, की आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो पसरायला लागलाय.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढे आहे. स्टीफनच्या वडिलांनाही आतड्याचा कॅन्सर होऊन गेला होता. त्यांच्या घरात 'लिंच सिंड्रोम' होता. म्हणजे काय, तर आपल्या पेशींमध्ये जी दुरुस्ती खात्याची माणसं असतात ना, डीएनएची कॉपी काढताना झालेल्या चुका सुधारणारी, त्या खात्यातच जन्मतः बिघाड. त्यामुळे आतड्याचा आणि इतरही काही कॅन्सर तरुण वयात होण्याचा धोका वाढतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा दोष असेल, तर मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. घरात इतका मोठा सिग्नल लाल असूनही पोराच्या वयाकडे बघून गाडी पुढे गेली.

मग सुरू झाली ऑपरेशनं, केमो, रेडिएशन. जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत दुसऱ्या ठिकाणी गाठ. २०१२च्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की आता हा बरा होणार नाही.

वय १८ सुद्धा पुरं नाही, किंवा नुकतं पुरं. या वयात आपण काय करत होतो? मी तरी एका मुलाने मेसेजला रिप्लाय दिला नाही म्हणून दोन दिवस जेवले नव्हते!

स्टीफनने एक यादी केली. बकेट लिस्ट. (माधुरीचा त्या नावाचा सिनेमा २०१८चा, ही यादी जानेवारी २०१३ची!) ४६ गोष्टी. फेसबुकवर पान काढून ती सगळ्यांसमोर ठेवली. यादी वाचली तर वाटतं, हा पोरगा आजारी आहे की सुट्टीवर? विमानातून उडी मारायची. टॅटू काढायचा. आपल्यापेक्षा मोठ्या प्राण्याला मिठी मारायची (हत्तीला मारली!). रबरी होडीत बसायचं आणि ती होडी गर्दीच्या डोक्यावरून, लोकांच्या हातांवर तरंगत न्यायची. हेही केलं. आणि खूप मोठ्या गर्दीसमोर ड्रम्स वाजवायचे. ते त्याने मे २०१३ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, चॅम्पियन्स लीग फायनलच्या आधी वाजवले. समोर सुमारे ९० हजार माणसं!

यादीतली एक गोष्ट मात्र स्वतःसाठी नव्हती. 'टीनएज कॅन्सर ट्रस्ट' या संस्थेसाठी १० हजार पाउंड जमवायचे.

ही संस्था काय करते? विचार करा, सोळा वर्षांच्या मुलाला कॅन्सर झाला तर त्याला ठेवायचं कुठे? लहान मुलांच्या वॉर्डात, जिथे भिंतीवर ससे आणि फुगे? की मोठ्यांच्या वॉर्डात, जिथे शेजारच्या खाटेवर सत्तरीचे आजोबा कण्हत पडलेत? दोन्हीकडे तो एकटाच. ही संस्था हॉस्पिटलांमध्ये १३ ते २४ वयाच्या मुलांसाठी वेगळी युनिट्स उभारते. पहिलं १९९० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये झालं. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच टक्कल पडलेली मंडळी आजूबाजूला असली, की विनोद करायला गिऱ्हाईक तरी मिळतं!

तर १० हजारांचं टार्गेट कधीच मागे पडलं. मग २२ एप्रिल २०१४. स्टीफनचं एक फुप्फुस निकामी झालं. हा शेवट, असं त्याला स्वतःला वाटलं. त्याने पलंगावरून फोटो टाकला. अंगठा वर, चेहऱ्यावर हसू. आणि सोबत लिहिलं, की आतापर्यंत बऱ्यापैकी निभावून नेलं, पण हा अडथळा जरा जास्तच मोठा दिसतोय. शेवटचा थम्ब्स अप!

इंग्लंडभर ते वाचून लोक हलले. जेसन मॅनफर्ड या कॉमेडियनने मदतीचं आवाहन केलं, नटांपासून खेळाडूंपर्यंत सगळे अंगठा वर करून फोटो टाकायला लागले. दहा लाख पाउंड झाले, वीस लाख झाले. आणि इकडे स्टीफनने काय करावं? खोकताना ट्यूमरचा तुकडाच बाहेर पडल्यासारखं झालं आणि पठ्ठ्याला चक्क बरं वाटायला लागलं. घरीसुद्धा सोडलं! निरोप समारंभ झाल्यावर पाहुणा परत दारात, असा प्रकार. त्यावरही तो हसला.

पण ही सिनेमाची गोष्ट नाही. १४ मे २०१४ रोजी स्टीफन गेला. १९ वर्षांचा होता. तोपर्यंत ३० लाख पाउंडांच्या वर जमले होते. पाउंड तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आपले तीस कोटी. पुढे तो आकडा ५० लाख पाउंडांच्याही पलीकडे गेला. तो पैसा हॉस्पिटलांमधल्या युनिट्सवर आणि तिथल्या माणसांच्या ट्रेनिंगवर लागला.

आता इथे मला एक बोलायचंय. अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच म्हणतो, "बघ, किती पॉझिटिव्ह होता!" आणि मग ओळखीत कुणी आजारी पडलं, की त्यालाही तेच ऐकवतो. पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल. सॉरी, पण हसल्याने ट्यूमर वितळत नाही. वितळत असता, तर स्टीफन आज आपल्यात असता. आणि जो पेशंट रडतो, चिडतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो, तो काही कमी शूर नसतो. स्टीफनच्या हसण्याने त्याचा आजार लांबवला, असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. त्याने उरलेले दिवस मात्र आजाराच्या ताब्यात जाऊ दिले नाहीत. आयुष्य किती वर्षांचं यापेक्षा त्यात काय केलं यावर मोजावं, असं तो सांगायचा. आणि तसं जगला.

असो. तर फॉर्म. 'नाही' टाकण्याआधी मी आईला फोन लावला.

"आई, अण्णा कशाने गेले गं?"

"पोटाने."

"पोटाने म्हणजे?"

"म्हणजे पोटाचंच काहीतरी. ऑपरेशन केलं होतं. तेव्हा कुणी एवढं विचारायचं नाही गं... आणि तुला हे आत्ता कशाला?"

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. आमच्या घरात त्यांचा आवडता रेडिओ, त्यांची सायकल, त्यांचा संताप, सगळं तोंडपाठ आहे. फक्त आजाराचं नाव कुणाला माहीत नाही. तुमच्याकडेही असेच कुणीतरी 'पोटाने', 'छातीने' किंवा 'अचानक' गेलेले असतील. विचारून बघा.

मग मामाला फोन केला. मामा ५२चा आहे. "जुनी कागदपत्रं आहेत का रे अण्णांची?" तो म्हणाला, माळ्यावर बघतो. आणि बोलता बोलता, "माझंही पोट दोन महिने जरा बिघडलंय. इसबगोल चालू आहे. कधीतरी रक्त पडतं, पण ते मूळव्याधीचं असणार."

मला फॉर्मचं भानच राहिलं नाही. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, रक्त, कारण नसताना घटणारं वजन, न थांबणारी पोटदुखी... बहुतेक वेळा यातून साधंच काहीतरी निघतं. मूळव्याधच निघते. पण ते तपासणाऱ्याने सांगायचं, इसबगोलच्या डब्याने नाही. आणि आपण पंचविशी-तिशीतले आहोत म्हणून सूट मिळते असंही नाही. आतड्याचा कॅन्सर बऱ्याच देशांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये वाढतोय. डॉक्टरकडे गेलात, की घरात कुणाला काय होतं ते न विचारता सांगा.

मामाला सगळं लिहून पाठवलं. अण्णांचं, स्टीफनचं, डॉक्टरची शनिवारची वेळ घेतल्याचंही. रात्री त्याचा रिप्लाय आला. एक शब्द नाही. नुसता अंगठा. वर केलेला.

आता हा होकार आहे की ठेंगा, देव जाणे. शनिवारी सकाळी दहाला मी त्याच्या दारात उभी असेन. फॉर्मचा तो रकाना तोपर्यंत रिकामाच.