खंबीरपणाचा उपदेश पुरे!

मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर उलटते. ही व्याधी गाठते ती बहुधा वीस ते चाळीस या कमावत्या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तीव्र नैराश्य ग्रासते. त्यावर समाजाने शोधलेला उपाय एकच: खंबीर राहण्याचा उपदेश!

हा उपदेश अडाणीपणाचा आहे, तसाच सोयीचाही. १९२६ साली कॉट्रेल व विल्सन या डॉक्टरांनी शंभर रुग्ण तपासून निर्वाळा दिला की, आनंदी वृत्ती हेच या व्याधीचे ठळक मानसिक लक्षण होय. वैद्यकाने तो बराच काळ गिरवला. हसतमुख रुग्ण कोणाला नको असतो? तो काही मागत नाही. मेंदूतील व्रण आणि दाह हेही या नैराश्याला अंशतः कारणीभूत असतात, हे आता पुढे आले आहे. पायातील बळ गेले म्हणून रुग्णाला कोणी बोल लावीत नाही. मग त्याच मेंदूतून उपजलेल्या खिन्नतेसाठी त्याच्या मनोधैर्याचा पंचनामा कशाला?

परंतु सारा दोष मेंदूवर ढकलणे हीही पळवाटच ठरेल. हातचे काम जाते, औषधांचा खर्च मात्र थांबत नाही. अशा माणसाने उल्हसित कसे राहावे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने (यात ‘दिव्य’ ते काय, हे सरकारच जाणे) ही व्याधी अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत घेतली. पण शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागांसाठी ३४ व्या कलमात जे गट सांगितले, त्यांत तिचे नाव नाही. सेवेत असताना अपंगत्व आल्यास कामावरून काढता येणार नाही, हे २० व्या कलमाचे अभय केवळ शासकीय आस्थापनांपुरते. खाजगी कारखान्यातील कामगाराने कोणाकडे पाहावे?

या नैराश्यावर इलाज आहेत. औषधे आहेत, विचारांची घडण बदलणारी मानसोपचारपद्धती आहे, आणि ती दूरध्वनीवरूनही उपयोगी पडते हे प्रयोगांनी दाखविले आहे. चालता न येणाऱ्याला जिल्ह्याच्या गावी खेपा घालण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर उपचार हा हक्कच मानला. तेव्हा मज्जाविकाराच्या प्रत्येक तपासणीत मनाचीही तपासणी व्हावी आणि २० व्या कलमाचे अभय खाजगी मालकांवरही बंधनकारक व्हावे. या दोन मागण्या आपल्या मागणीपत्रात घालण्यास कामगार संघटनांची तरी काय हरकत आहे?