निषिद्ध नळीतील निकामी बॅटरी

एखादी वस्तू कायद्याने निषिद्ध ठरली म्हणजे ती लोकांच्या खिशांतूनही आपोआप नाहीशी होते, असा समज राज्यकर्त्यांनी करून घेतला तर त्यात नवल नाही. ई-सिगारेटच्या बाबतीत हा समज फोल ठरला आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला आणि ह्या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर देशभर बंदी आली. बंदी योग्यच होती. १९९७ सालीच धूम्रपान व थुंकण्याविरुद्ध कायदा करणाऱ्या गोव्याने तरी तिच्याविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही. तथापि चोरवाटेने आलेल्या ह्या नळ्या आजही तरुणांच्या हाती दिसतात. आणि आज आम्हांला बोलावयाचे आहे ते त्यांतील धुराविषयी नव्हे, तर बॅटरीविषयी.

समजा, आपल्या किनाऱ्यावर सुट्टी घालवून एखादा तरुण पांढुर्ण्यास परतला. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील हे संत्र्यांच्या मुलखातले, मराठी बोलणारे गाव. गोमंतकीयांना ते ठाऊक असलेच तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे एके दिवशी त्या तरुणाची व्हेप पेन चालेनाशी होते. दिवा लुकलुकतो आणि विझतो. विचारावे कोणाला? विकणारा तर कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. हमीपत्र नाही, माहितीपत्रक नाही, आणि मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावे तर उगाच पोलिसांचे झेंगट मागे लागेल ही धास्ती. मग तो दार लावून, टाचणी आणि चिमटा घेऊन स्वतःच शस्त्रक्रियेस बसतो. पणजीत काय किंवा म्हापशात काय, याहून निराळे घडत नाही.

अशा वेळी प्रथम पाहावे ते दिव्याकडे नव्हे, अंगाकडे. नळी फुगली असेल, पोचली असेल, हातास गरम लागत असेल किंवा तिला उग्र गोडसर वास येत असेल, तर पुढची सारी तपासणी तेथेच संपली; बटण दाबू नये, चार्जरही लावू नये. तसे काही नसेल तर दोष पुष्कळदा क्षुल्लक असतो. तार बदलून पाहावी. जोडाच्या तोंडाशी साचलेला चिकट थर कोरड्या कापसाने पुसावा. अनेक पेनांत बटण पाचदा झटपट दाबले की कुलूप पडते, आणि ते विसरलेला मनुष्य बॅटरी मेली असे समजून बसतो. एवढ्यानेही जीव आला नाही, तर बॅटरी गेली असे मानून थांबावे. मोबाईलचा वेगवान चार्जर लावून तिला ‘जागे’ करण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये. लिथियम-आयन सेलचा दाब पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट असतो. तो अडीच व्होल्टच्या खाली जाऊन सेल तसाच पडून राहिला, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा वीज भरताना तेच तांबे नको तेथे साचते आणि सेल आतल्या आत जोडला जाऊन पेट घेऊ शकतो.

ही भीती पुस्तकी नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील वृत्तपत्रीय बातम्यांवरून ई-सिगारेटच्या आगी व स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या. त्यांपैकी १३३ घटनांत माणसे जखमी झाली होती. पुष्कळ स्फोट खिशात झाले, पुष्कळ चार्जिंग चालू असताना. पुढे २०१८ साली फ्लॉरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्सासात एकेक तरुण प्राणास मुकला.

मेलेली बॅटरी टाकावयाची कोठे, हा खरा पेच आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. उत्पादनच बेकायदा असेल तर जबाबदार उत्पादक आणावा कोठून? २०१९ च्या कायद्यात व्यापाऱ्यांनी आपले शिल्लक साठे अधिकाऱ्याकडे जमा करावेत अशी तरतूद होती. एकट्यादुकट्याच्या खिशातील नळीचा विचार तिने केला नाही. परिणामी ती ओल्या-सुक्या कचऱ्यातून गाडीत जाते, दाबयंत्राखाली चिरडली जाते आणि तिचा धोका, जिने ती कधी पाहिलीही नाही अशा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती पडतो. २०१९ च्या मे महिन्यात सोनसोड्याच्या कचऱ्यास लागलेली आग मडगावकर विसरले नसतील. ती कशाने लागली हा वेगळा विषय. परंतु कचऱ्याचा ढीग एकदा पेटला म्हणजे काय होते, हे त्यांना सांगावयास नको.

तूर्त ज्याच्या घरी अशी नळी असेल त्याने तिची उघडी टोके चिकटपट्टीने झाकावी, कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवावी आणि डबा घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा. सरकारने मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. गोव्याच्या पंचायतींनी व नगरपालिकांनी, आणि पांढुर्ण्याच्या नव्या जिल्हा प्रशासनानेही, सर्व लहान लिथियम बॅटऱ्यांसाठी एकेक पेटी ठेवावी आणि देणाऱ्याचे नाव-गाव विचारले जाणार नाही, असे तीवर ठळक अक्षरांत लिहावे.