आज तर रविवार हाये!

शुक्रवारी दुपारी चहाच्या मशीनजवळ प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न फिरत असतो. ‘मग, वीकेंडचा काय प्लॅन?’ उत्तरंही ठरलेली असतात. लोणावळा, सिंहगड, मल्टिप्लेक्स, नाहीतर ‘झोपणारे यार’. माझे पुण्यातले काही मित्र अलीकडे सायकलवाले झालेत. अगदी सॉलिड सायकलवाले. महागडी सायकल, हेल्मेट, अंगाला चिकटणारी ती चड्डी, सगळं साग्रसंगीत. रविवारी पहाटे ही सायकल कारच्या मागे रॅकला बांधून खडकवासल्याला न्यायची, तिथं चालवायची आणि पुन्हा कारला बांधून घरी आणायची. सोमवारी ऑफिसला जायला कॅब!

मला कुणी विचारलं की मी सांगते, ‘रविवारी मी ऑफिसच्या रस्त्यानं सायकल चालवते.’ पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, ‘अगं, पण ऑफिसला तर रोजच जातेस ना?’

जाते ना. म्हणूनच तर!

आता आमचं ऑफिस म्हणजे काय ते आधी सांगते. मी पुण्यात मास कॉम केलं, तीनेक वर्षं डेडलाइनच्या मागं धावले आणि आता फ्रीलान्सिंग करत बीडमध्ये राहते. घर नगर नाक्याच्या बाजूला. घरात लाइट आणि नेट यांचं एकाच वेळी जमत नाही, म्हणून बार्शी नाक्याजवळ एका डीटीपीवाल्याच्या माडीवर टेबल भाड्यानं घेतलंय. घरापासून टेबलापर्यंत जेमतेम चार किलोमीटर. नगर रोडनं सरळ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या चौकात, पुढे बसस्टँडकडे, मग बिंदुसरेचा पूल आणि पलीकडे बार्शी नाका. रोजचा टाइम अठरा मिनिटं. एसटीनं स्टँडच्या तोंडाशी वळण घेतलं तर बावीस.

आठवड्याचे सहा दिवस हा रस्ता मला फक्त अडथळ्यांच्या यादीसारखा पाठ असतो. इथं खड्डा, इथं रिक्षा मधेच थांबणार, इथं काळी-पिवळी जीप हॉर्न न वाजवता घुसणार. डोक्यात क्लायंटचा मेल आणि पायात घाई. पुलावरनं रोज दोनदा जाऊनही नदीला पाणी आहे की नाही हे मला सांगता यायचं नाही.

रविवारी याच चार किलोमीटरला मी दीड तास लावते. ट्रेकसारखं काही ठरवावं लागत नाही, ग्रुपवर ‘कोण कोण येतंय’ची रड नाही. रस्ता पायांना पाठ असतो. कुठं गिअर टाकायचा, कुठं ब्रेकवर बोट ठेवायचं ते आपोआप होतं आणि डोकं एकदम रिकामं मिळतं. मग पुलावर थांबता येतं. शटर बंद असलेल्या दुकानांवरच्या पाट्या वाचता येतात. रोज ज्या घराची फक्त पायरी दिसते, त्याला वर मस्त लाकडी सज्जा आहे हे कळतं. नव्या रस्त्यावर डोळे वळणं शोधण्यात अडकतात. जुन्या रस्त्यावर ते मोकळे असतात, हा साधा फंडा आहे.

आणि हे वेड एकट्या माझं नाही हं! कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून ‘सिक्लोविया’ चालू आहे. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून जास्त किलोमीटरचे मुख्य रस्ते गाड्यांना बंद. लोक सायकली घेऊन उतरतात ते आठवडाभर ज्या रस्त्यांवर ट्रॅफिकमध्ये कुढत बसतात, त्याच रस्त्यांवर. आपल्याकडे गुडगावनं नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘राहगिरी’ सुरू केली, ती याच धर्तीवर. बीडला असलं काही नाही. इथं रविवार सकाळी सातला रस्ता तसाही अर्धा रिकामा असतो, महापौराची परवानगी लागत नाही.

परवानगी लागते ती दुसरीच.

सोमवार ते शनिवार मी याच सायकलवर, याच रस्त्यानं, याच वेळेला जाते. कधी कुणी काही विचारलेलं नाही. पहिल्या रविवारी निघाले आणि चार किलोमीटरमध्ये पाच जणांनी अडवलं. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू, ‘आज कामून गं? आज तर रविवार हाये!’ पुढे चौकात चहावाले मामा, ‘ताई, आज बी ऑफिस?’ पुलाजवळ बाबांच्या ओळखीचे एक सर स्कूटर थांबवून, ‘काय बेटा, सगळं ठीक ना घरी?’ म्हणजे बाई सुट्टीच्या दिवशी सायकलवर दिसली, तर एकतर काम निघालं असणार नाहीतर कुणीतरी आजारी असणार! ‘सहज निघालेय’ असं मी सांगितलं तेव्हा मामांनी पुन्हा विचारलं, ‘ते कळलं, पण कुठं?’

त्यांचा कुणाचाच हेतू वाईट नव्हता. उलट प्रेमच होतं त्यात. पण मी एक गंमत करून पाहिली. पुढच्या रविवारी कॅरिअरला लॅपटॉपची बॅग लावली. बॅग रिकामी. एकानंही विचारलं नाही! त्याच्या पुढच्या रविवारी बॅग घरी ठेवली, तर प्रश्न पुन्हा हजर. माझ्या शहरात माझ्यापेक्षा माझ्या बॅगेला जास्त मान आहे, हे तेव्हा समजलं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं. ते मुंबईबद्दल आहे. मुंबईतल्या बाया रस्त्यावर दिसतात खऱ्या, पण प्रत्येकीला आपण कामाला निघालोय हे सतत दाखवावं लागतं, उगाच रेंगाळायची मुभा तिथंही नाही, असं त्यात मांडलंय. कॉलेजात वाचलं तेव्हा ते मला जरा ताणल्यासारखं वाटलं होतं. बीडच्या पुलावर पटलं.

मग प्रश्न असा, की जर विचारपूस होतेच, तर जिथं कुणी ओळखत नाही अशा रस्त्याला का नाही जायचं? बीडभोवती जागांना तोटा नाही. दक्षिणेला पालीचं धरण, पुढे मांजरसुंब्याचा घाट, पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा. बालाघाटच्या डोंगरांत सीताफळाची झाडं, आणि बीडच्या सीताफळाला जीआय टॅग आहे बरं का! पण तिकडं एकटीनं जायचं तर मी घड्याळ बघत, मागं वळून बघत जाईन. ती मजा कसली? ऑफिसच्या रस्त्यावर मात्र पंक्चरवाला मला ओळखतो, मेडिकलवाल्या वहिनी ओळखतात, चहावाले मामा तर माझी साखर किती तेही जाणतात. ही ओळख मी रोज ये-जा करून कमावलेली आहे. प्रीपेड मोबाइलसारखं समजा. सहा दिवस रिचार्ज मारायचा आणि रविवारी सगळा टॉकटाइम उडवायचा! ज्या रस्त्यावर मला कारण विचारतात, त्याच रस्त्यावर मी सगळ्यात बिनधास्त असते. विचित्र आहे, पण आहे.

याच रस्त्यावर दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलेला, वर कोंबड्या, लेकरं आणि बाया. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून हिशोबात ‘एक कोयता’ धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं. ट्रॉलीतल्या बायांनी आयुष्यात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर रस्ता पाहिलाय. ‘कुठं निघालीस?’ असं त्यांना कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. त्यातली एक मला नाक्यावर म्हणाली होती, ‘बरंय तुझं, हलकी हलकी गाडी.’ एवढंच. ट्रॅक्टर निघून गेला.

आता मूळ गोष्ट. आमच्या गल्लीत नववीतली एक मुलगी आहे. तिच्याकडे शाळेत जायची सायकल आहे. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. योजना चांगलीच आहे, शाळा लांब म्हणून सुटणाऱ्या मुलींसाठी तर फारच. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सगळ्यात कमी, त्या जिल्ह्यात मुलींसाठी आलेली कुठलीही वस्तू मला मोलाची वाटते. पण त्या सायकलवर घराघरात एक न दिसणारी पाटी असते: फक्त शाळेसाठी. ही मुलगी रविवारी तिची सायकल पुसते, तेल घालते, घंटी वाजवून बघते आणि भिंतीला टेकवून ठेवते. चालवतो तिचा भाऊ, सातवीतला. त्याला कारण लागत नाही.

‘ताई, मी येऊ का तुमच्यासंगं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘आईला विचार.’ आई म्हणाली, ‘शाळा नाही, क्लास नाही, मग सायकल कशाला?’

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालली होती. तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचाही घाट घातला. शेतमजूर बाया, खाणीतल्या बाया, नर्स, शिक्षिका, हजारोंनी शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. पाणी आणणं, माल विकायला नेणं अशी कामं तर सोपी झालीच, पण त्या बायांना सायकलनं हवं तिथं हवं तेव्हा जायची मोकळीक दिली आणि बोलताना त्यांना मोल होतं ते त्या मोकळिकीचं. मी हे सगळं त्या मुलीच्या आईला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘त्या बाया मोठ्या होत्या.’ मुद्दा बिनतोड!

शेवटी तह झाला. मुलगी माझ्याबरोबर येणार, पण पुलापर्यंतच. सातला जायचं, आठच्या आत घरी.

गेले पाच रविवार आम्ही दोघी जातोय. ती माझ्यापेक्षा जोरात चालवते आणि दर दोनशे मीटरवर थांबून मागं बघते. पुलावर कठड्याला सायकली टेकवून आम्ही शेंगदाण्याची चिक्की खातो. मामांनी मला कुठं निघालीस विचारणं सोडलंय, आता ते तिला विचारतात. ती ऐटीत सांगते, ‘पुलावर.’ उत्तर मिळालं की मामा खूश! ठिकाणाचं नाव असलं की झालं, तिथं जाऊन काय करणार हे कुणी विचारत नाही, हा शोध तिचा.

तुम्हाला करून बघायचं असेल तर चारच गोष्टी. सकाळी लवकर निघा, आमच्याकडे मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. हवा दोन्ही चाकांत नीट भरा आणि बाभळीच्या काट्यांपासून सांभाळा, पंक्चरवाला रविवारी दहाशिवाय शटर उघडत नाही. हायवे टाळा. आणि मोबाइल खिशात ठेवा, किलोमीटर मोजणारं ॲप बंद करून. मोजायला लागलात की सोमवार सुरू!

माझं एकटीचं असतं तेव्हा मी कधी पुलापलीकडे पेठ बीडात वळून कंकालेश्वराला जाते. कुंडातल्या पाण्यात मधोमध उभं असलेलं दगडी देऊळ, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतींवर चक्क हातात शस्त्रं घेतलेल्या बाया कोरलेल्या. कधी फारच हुक्की आली तर नाक्यापुढे सहाएक किलोमीटरवर खजाना बावडी. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळातली विहीर. पाणी उपसायची भानगडच नाही, जमिनीखालच्या पाटानं ते आपसूक शेतांकडे जातं. दुष्काळातही पाणी आटत नाही असं लोक सांगतात.

त्या भिंतींवरच्या बायांचा फोटो मी मुलीला दाखवला आणि तिथंच घोळ झाला. तिला आता पुलापलीकडे जायचंय. हट्टच धरलाय. पूल ते देऊळ, अगदी थोडं अंतर. काल संध्याकाळी तिची आई दारात आली. रागावलेली नव्हती, हात कणकेचे होते.

‘देवाला जायचं तर मी नाही म्हणत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण ती म्हणते देवाला नाही, सायकल चालवायला जायचंय. मग तिथं काय काम हाये सांगा बरं?’

‘देवाला’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. मलाही ते कळतंय, तिलाही. पण ती ‘देवाला’ म्हणायला तयार नाही, नववीतली असली म्हणून काय झालं! रविवारपर्यंत मला आईंना काहीतरी सांगायचंय. मंडळी, तुमच्याकडे एखादं बरं उत्तर असेल तर शनिवारच्या आत कळवा.