प्रश्नावली भरली, पुढे काय?

२००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांत बुलढाणा जिल्हाही होता. कर्जाची पुनर्रचना, व्याजमाफी व सिंचन यांवर त्यात भर होता आणि तो योग्यच होता. कारण कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख प्रथम आर्थिक आहे. परंतु अशा ओझ्याखाली मनही आजारी पडते आणि त्या आजारावर उपचार आहेत, ही जाणीव आपणा सर्वांना उशिरा झाली.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने बुलढाण्यासह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन प्रश्नावली भरावी, नैराश्याची लक्षणे आढळलेल्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि गरजेनुसार जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे, अशी ही योजना. कल्पना स्तुत्य आहे. मात्र प्रश्नावली म्हणजे उपचार नव्हे. संग्रामपूर वा जळगाव जामोद तालुक्याच्या टोकाच्या गावातून बुलढाणा गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. शिवाय नैराश्याच्या औषधांचा गुण यायला साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो आणि त्याची विचारपूस करायला कोणी जात नाही. साखळी तुटते ती येथे.

ती जोडता येते, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने २४ दवाखान्यांतील २,७९६ रुग्णांचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेले, परंतु प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक रुग्णाशी बोलत, त्याचा पाठपुरावा करत आणि डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असत. सरकारी केंद्रांत या पद्धतीने अधिक रुग्ण बरे झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबविला गेला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे यश मोठे आहे. तथापि इतक्या प्रयत्नांनंतरही चौघांपैकी सुमारे तिघे उपचारांविना राहिले, हेही विसरता येत नाही.

म्हणून आमची अपेक्षा साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी समुपदेशक बसावा, औषधे तेथेच अखंड मिळावीत आणि आशाताईंना या जादा कामाचा योग्य मोबदला मिळावा. अंगदुखी, निद्रानाश, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन वारंवार येणाऱ्या रुग्णाला केवळ ताकदीच्या गोळ्या न देता ‘मन कसे आहे?’ असेही डॉक्टरांनी विचारावे. चर्चा शेतकऱ्याची होते. पण त्याच घरातील स्त्री हे दुःख बहुधा मुकाट्याने सोसते. तिलाही हा प्रश्न विचारला जावा.

शासनाकडे बोट दाखवताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. खचलेल्या माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडते, अधिक प्रार्थना कर’ असे सांगून आम्ही धर्मगुरूंनी व धर्मग्रामस्थांनी कित्येकदा त्याच्या दुःखात अपराधभावाची भर घातली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत ती बंदी उरली नाही. तीव्र मानसिक व्यथेमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे ख्रिस्तसभा आज शिकविते. तरीही शोकाकुल कुटुंबाकडे पाहणाऱ्या आपल्या नजरा अद्याप १९१७ मध्येच आहेत की काय, असा प्रश्न पडतो.

संदेष्टा एलिया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा परमेश्वराने त्याची कानउघाडणी केली नाही. त्याला झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले. देवदूत एकदा येऊन थांबला नाही, तो दुसऱ्यांदाही आला. होरेब पर्वतावरील संभाषण त्यानंतर झाले. आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांनी हाच क्रम गिरवावा: घरी जावे, ऐकून घ्यावे, आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करावी, गोळ्या सुरू आहेत ना हे पाहावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. प्रार्थना या सगळ्यात असावीच, उपचारांना पर्याय म्हणून नव्हे.

मन हताश झाले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. येत्या रविवारच्या मिस्सेनंतर हा क्रमांक आपल्या चर्चच्या सूचनाफलकावर लावावा, अशी सर्व धर्मग्रामांना आमची नम्र विनंती आहे.