विरामचिन्हांचे संगीत

मराठीच्या प्राध्यापकाने विलायती संगीतावर लिहिणे म्हणजे गणिताच्या मास्तरांनी रांगोळीवर व्याख्यान देणे, असे आमच्या घरचे मत आहे. पण आज ज्या संगीतकाराविषयी लिहिणार आहे, त्यांचा आमच्या पेशाशी जवळचा संबंध आहे. ‘स्वल्पविरामाशी थोडे थांबा, पूर्णविरामाशी जरा जास्त थांबा’ हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो. आणि विद्यार्थीही वीस वर्षे, जलद गाडीने लहान स्टेशने मागे टाकावीत तशी ती चिन्हे मागे टाकत आले. या गृहस्थांनी मात्र त्या चिन्हांना संगीतात मानाची जागा दिली.

त्यांचे नाव आर्वो पॅर्ट. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या चिमुकल्या देशात 1935 साली त्यांचा जन्म झाला. हा देश समूहगायनाचा मोठा षोकी. 1869 पासून तेथे गीतमहोत्सव भरतात आणि हजारो माणसे एकत्र उभी राहून गातात. पॅर्ट यांचे बालपण राक्वेरे गावात गेले. घरातल्या पियानोच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या, म्हणून मुलाने दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर काम भागवले. गावच्या चौकात ध्वनिक्षेपक होता. त्यावरचे संगीत ऐकण्यासाठी तो सायकलवरून चौकाभोवती घिरट्या घालीत असे. आपल्याकडे ध्वनिक्षेपक लागला की शहाणी माणसे सायकल उलट दिशेला दामटतात, ही गोष्ट वेगळी!

पुढे ते नभोवाणीवर ध्वनिमुद्रणाचे काम करू लागले आणि त्याच वेळी त्यांच्या रचना गाजू लागल्या. युरोपात तेव्हा बारा स्वरांना सारखा मान देणाऱ्या गणिती पद्धतीचे वारे होते. पॅर्ट यांनीही ती उचलली आणि 1960 साली सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. 1968 साली ‘क्रेडो’ आले. गायनवृंदाने ख्रिस्तावरील श्रद्धा उघड उघड गायिली. निरीश्वरवादी राजवटीला हे कसे मानवावे? ती रचना पुन्हा वाजणे बंद झाले.

यानंतर जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. तेहतीस वर्षांचा, नाव कमावलेला हा माणूस जवळजवळ गप्प बसला. सरकारी रोष होताच. पण आपल्या हातची भाषा आपली उरलेली नाही, हेही त्यांना जाणवले होते. सुमारे आठ वर्षे हे मौन चालले. मध्ये 1971 साली एक सिंफनी झाली. पोटासाठी ते चित्रपटांना संगीत देत राहिले. उरलेल्या वेळी मध्ययुगीन मठांतले एकसुरी स्तोत्रगान ऐकायचे, जुन्या बहुस्वरी रचना अभ्यासायच्या आणि एकेरी चालींचे धडे लिहून वह्या भरायच्या. मान्यता पावलेल्या माणसाने पुन्हा बाराखडी गिरवायला बसावे, तसे हे होते. आपल्या आळीत असे कोणी करू लागले, तर शेजारीपाजारी ‘बिचारा घरीच असतो’ म्हणून हळहळले असते.

1976 साली ‘फ्यूर अलिना’ ही पियानोची दोन मिनिटांची रचना बाहेर पडली आणि तिच्याबरोबर नवी पद्धत. किणकिणणाऱ्या घंटांच्या लॅटिन शब्दावरून तिला ‘टिंटिनॅब्युली’ म्हणतात. आवाज दोन. एक सप्तकाच्या पायऱ्या एकेक करून चढतो-उतरतो. दुसरा षड्ज, गंधार, पंचम एवढ्या तीन घरांतच राहून पहिल्याच्या प्रत्येक स्वराला साथ देतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना हे परके वाटत नाही. फरक इतकाच, की तंबोरा आपल्याच नादात असतो, तर हा दुसरा आवाज पहिल्याच्या पावलागणिक आपले पाऊल टाकतो.

आणि पहिल्याने किती पायऱ्या चढाव्यात? ते शब्दाने ठरवायचे! 1982 सालच्या ‘पासिओ’त योहानाच्या शुभवर्तमानातली ख्रिस्ताच्या छळाची कथा सुमारे सत्तर मिनिटे लॅटिनमध्ये गायिली जाते. शब्दात उच्चाराचे अवयव जितके, तितकी पावले. शेवटचा स्वर किती लांबवायचा, हे तेथे स्वल्पविराम आहे की पूर्णविराम, यावर. ख्रिस्ताला वधस्तंभावर चढवा म्हणणारा जमावही नाटकी आवेश न आणता त्याच शिस्तीत गातो, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. कोलोनच्या कॅथीड्रलला 750 वर्षे झाली, त्या निमित्ताने 1998 साली गायिलेल्या ‘कानोन पोकायानेन’मध्ये मान जुन्या चर्च-स्लाव भाषेचा. या एका रचनेला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

अशा संगीतात सगळे नियमानेच ठरते, मग संगीतकाराने केले काय, असे कोणी विचारील. मला वाटते, त्यांनी मध्ये मध्ये येण्याचे टाळले. आमचे कित्येक गायक कवीच्या ओळीला असे काही गुंडाळतात, की शब्द शोधायला पोलीस चौकीवर वर्दी द्यावी! पॅर्ट शब्दाला वाट करून देतात. पण असे बाजूला होणे शिकायला त्यांना आठ वर्षे लागली.

1980 च्या जानेवारीत ते पत्नी नोरा आणि दोन मुलांसह देश सोडून व्हिएन्नाला गेले, तेथून बर्लिनला. 1984 साली निघालेल्या ‘टाब्युला रासा’च्या ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव जगभर केले. स्वतंत्र एस्टोनियात ते परतले आणि 2018 साली लाउलास्मा येथे पाइनच्या रानात त्यांच्या हस्तलिखितांचे केंद्र उघडले. त्या मौनातल्या काळच्या वह्यांनाही आता जपणूक लाभली आहे. 2025 च्या सप्टेंबरात त्यांना नव्वद वर्षे पूर्ण झाली.

वाचकहो, फराळ झाला, मुलांचे फटाके संपले, की त्यांचे 1989 सालचे ‘माग्निफिकाट’ लावून पाहा. सात-आठ मिनिटांचेच आहे. वाद्य एकही नाही, नुसते गळे. मध्येच सारे थांबतील. यंत्र बिघडले समजून उठू नका. तेथे पूर्णविराम आहे.